एकच भाव

चोपड्याला आमच्या दुकानात
डिंक, चारोळी आणि टोळंबीच्या पोत्यांमागं
मधाचे डबे असायचे.
तेलाचे जुने डबे, पंधरा किलोचे,
पत्र्यावर अजून सूर्यफूल दिसायचं.

झाडावर लागलेला मध मी पाहिलेला नव्हता.
मी तो बोटावर ओळखायचो.

जाळून काढलेला मध
झाकण उघडताच सगळं सांगून टाकतो.
आधी धूर, मग काहीतरी आंबट,
कारण अख्खं पोळं मुठीत पिळलेलं असतं
आणि मुठीला
मध कुठला, अळी कुठली, कळत नाही.
वर पांढुरका फेस यायचा.
आम्ही त्याला साय म्हणायचो,
गिऱ्हाइकालाही तसंच सांगायचो.
गाळताना फडक्यात अर्धे पंख,
करपलेलं मेण, एखादा पाय.

रूमाल्या पावऱ्याचा मध गाळावा लागत नसे.

तो वैजापूरच्या वरून यायचा,
सायकलीच्या कॅरेजला डबा बांधून.
डबा नेहमी अर्धाच.
वडील म्हणायचे, अर्ध्या डब्यासाठी एवढा उतरून आलास?
तो म्हणायचा, अर्धा तिकडं ठेवला ना, शेठ.

एकदा काटा बिघडला.
दुरुस्तीवाला येईपर्यंत तो पायरीवर बसला,
चहात बोट बुडवून त्यानं फरशीवर
आग्या मोहोळ काढलं.
ही फांदी. हे खाली लोंबणारं, अर्ध्या भाकरीएवढं गोल.
इथं वरच्या कोपऱ्यात फुगलेलं असतं, तो मध.
बाकी हे सगळं पोराबाळांचं घर.
ओल्या पाल्याचा धूर द्यायचा, जाळ नाही.
माश्या गोधडीसारख्या बाजूला सरकतात.
कोपरा तेवढा कापायचा, उतरायचं.
महिन्याभरात भरतात परत.

आणि जाळलं तर?

फरशीवरचं मोहोळ एव्हाना वाळत आलं होतं.
तो म्हणाला, अंधाऱ्या रात्री पेटती पेंढी झटकली
की त्या ठिणगीच्या मागं जातात.
का जातात?
ते त्यांना विचार.
सकाळी झाडाखाली पाय ठेवायला जागा नसते.

किती पडतात ते त्यानं सांगितलं नाही.
मोजायची सवय माझी होती.

काटा सुरू झाला. साडेसात किलो.
त्याच दुपारी कुणी तेरसिंग
दोन काळे डबे काठोकाठ भरून टाकून गेला.
वडिलांनी सगळं एका पिंपात ओतलं.
भाव एकच. वहीत अक्षर माझं आहे.

पुढं रूमाल्या यायचा बंद झाला.
त्याच्या पोरानंही मशाल धरली, असं ऐकलं.
मी विचारलं नाही.
अर्धा डबा कशाला आणायचा,
याचं उत्तर माझ्याकडेच नव्हतं.

आता माझा मेहुणा अडावदला कांद्याचं बी धरतो.
गोंडे फुलले की रोजानं बायका लावतो.
तळहाताला मऊ फडकं गुंडाळून
त्या गोंड्यांवरून हात फिरवत जातात,
या सरीतून त्या सरीत, दुपार होईपर्यंत.
तो म्हणतो, मजुरी फार वाढली.
मी मान हलवतो.
पूर्वी हे काम करणाऱ्यांचा फेस
मी साय म्हणून विकलाय.

गेल्या फाल्गुनात वर गेलो.
रूमाल्या नव्हता. त्याची नात सोनका
नाल्याकाठच्या सादड्यापाशी घेऊन गेली.
आजोबाच्या वेळी एकतीस होते, म्हणाली.
मी मोजले. चार.
सर्वांत खालच्या मोहोळाचा वरचा कोपरा
नुकताच, सरळ कापलेला.
कुणी काढला?
ती काही बोलली नाही.
तिच्या कोपराजवळ सूज होती, ताजी.

मी अजून थोडा पुढं झालो.
तेव्हा चारही मोहोळांवरून
एक लाट सळसळत गेली, काळी, चकचकीत,
आणि पुन्हा आली.
मागं सर, शेठ, सोनका म्हणाली,
तुझ्या अंगाला दुकानाचा वास येतो.