जमेची बाजू

छत्तीस वर्षं नोटा मोजल्या मी, नाशिकरोडच्या छापखान्यात.
कोऱ्या, शाईच्या वासाच्या,
अजून कोणाच्याच न झालेल्या.
सुट्टी झाली की फाटकाशी खिसे उलटे करून दाखवायचे
आणि रिकाम्या हातांनी घरी जायचं.

आता म्हसरूळच्या पुढे, बोरगडाकडे वळताना
डाव्या हाताला हिरवे पत्रे दिसतात ना,
तिथे हिशेब लिहितो.
डब्यातून दहाची नोट निघते, चार घड्यांची,
हळद लागलेली, कधी गोडेतेलाचा डाग.
मी ती सरळ करतो, नंबर बघतो. जुनी खोड.
वाटतं, ही माझ्याच बोटांखालून गेली असणार,
आणि एवढं गाव हिंडून परत आली
ती एका लंगड्या कुत्रीच्या भाकरीसाठी.

इथे जनावर जिथे सापडतं, तेच त्याचं नाव.
द्वारका तीन पायांची आहे.
मुंबई नाका रात्रभर रडतो.
सिन्नर फाट्याची शेपटी गेली, हलवायची सवय गेली नाही,
तो अख्खा मागून हलतो.
वीटभट्टीवरून आलेलं एक गाढव आहे,
पाठीवर दोन्हीकडे तळहाताएवढ्या जखमा.
त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.
डॉक्टर खैरनारबाई त्याला ‘अहो’ म्हणतात.

खर्चाची बाजू पान भरून खाली उतरते:
तांदळाच्या कण्या, कापूस, टर्पेंटाइन, रेबीजची लस,
कमरुद्दीनच्या रिक्षाचा गॅस
(तो पैसे घेत नाही, मी तरी लिहितो).
जमेची बाजू आखूड.
पिंपळगावच्या बागाईतदाराकडून द्राक्षांचे रिकामे खोके, नग ऐंशी.
पिल्लं त्यात झोपतात,
अंगाखाली ‘निर्यातीसाठी’ असा शिक्का,
आणि कुठेच जात नाहीत.
मिसळवाल्याने पाव पाठवले. रस्साही पाठवला.
रस्सा आम्ही खाल्ला. त्याची नोंद नाही.

करीच्या दिवशी एक पोरगा आला,
दुर्वेश निकुंभ, भद्रकालीतला, वय लिहिलं अकरा.
स्वेटरच्या आत घार.
पंख हाडापर्यंत चिरलेला, दोरा अजून आतच.
बाई टाके घालत होत्या, तो टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून.
रक्ताला भ्यायला नाही. फक्त विचारलं,
दोरा कोणत्या रंगाचाय?
जांभळा, बाई म्हणाल्या.
मग तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. शाळेच्या दप्तरातून
आसारी काढून माझ्या वहीवर ठेवली.
नायलॉनचा मांजा, जांभळा,
निम्मा शिल्लक.
म्हणाला, पावती द्या.

पावतीपुस्तकात तीन रकाने: रोख, धान्य, इतर.
मी ‘इतर’मध्ये लिहिलं, आसारी एक.
‘किंमत’पाशी पेन अडलं.
लाखांच्या गड्ड्या डोळे मिटून मोजलेला माणूस मी,
तो रकाना मोकळा ठेवून सही केली.

उडेल का ती?
खोटी पावती मी आयुष्यात फाडली नाही.
म्हणालो, नाही. पण बसते. काल खिमा खाल्ला तिने.
तो पत्र्यांकडे बघत राहिला.
आत ‘अहो’ने भिंतीला अंग घासलं, पत्रा वाजला.
खिमा किती लागतो रोज?
मी सांगितलं.
त्याने बोटांवर काहीतरी धरलं, सोडलं, परत धरलं.

तेव्हापासून दर रविवारी येतो.
पाचाचं नाणं ठेवतो वहीवर, कधी दोन,
मुठीत धरून घामेजलेली.
मी उलटसुलट करून बघतो.
नाणी आम्ही पाडत नव्हतो.
हे कुठे तयार झालं,
मला खरंच सांगता येणार नाही.