नऊची गोळी

खोलीतला बशीर दोनदाच शिंकला,
वरच्या बंकवर, तेही टॉवेलात तोंड घालून.
आठवड्यात माझ्या छातीत
कुणीतरी गंजलेली सायकल चालवायला लागलं.

रुवीत, वॉर्डच्या खिडकीबाहेर डोंगर.
एकही झाड नाही. माझ्या एक्स-रेसारखा.

डॉक्टर हुदा म्हणाल्या, व्हायरस साधाच आहे,
म्हणजे इतरांना साधा.
तुमचे पहारेकरी आम्हीच झोपवलेत,
सात वर्षं, सकाळी नऊ, रात्री नऊ.
आता थोडे उठवू.
एक औषध बंद, दुसरं निम्मं.

मी विचारलं नाही,
उठले की ते आधी कुणाचे कागद तपासतील.

उजवीकडे, ओटीपोटात, कातडीच्या अगदी खाली
आहे ती तुझी, सुलभे.
पहाटे तीनला उबळ आली की
मी तळवा ठेवतो तिच्यावर.
कुडाळच्या एसटीत तू
मांडीवरचा कालवणाचा डबा धरायचीस, तसा.
घाट संपेपर्यंत
तू बोलायचीही नाहीस कुणाशी.

क्रिएटिनिन एक पॉइंट चार होतं.
काल एक पॉइंट नऊ.
घरी कळवलेलं नाही.

तुझा फोन येतो. माझं तू विचारतच नाहीस.
"माजी बरी आसा मां?"
ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणतो,
बरी आसा. निजली आसा.
"मगे खोकता कोण?"
बशीर, म्हणतो मी.

रात्री नऊला सिस्टर लिसम्मा
कागदी पेला पुढे करते.
आत एकच कॅप्सूल.
ती गिळतो,
आणि बोट तरीही तळाशी
दुसरी चाचपतं.