पिको बेटावरची देओलिंदा सांगते

तुम्ही वर्तमानपत्रवाले, आधी तारीख विचारता.
तारीख आठवत नाही. द्राक्षं खुडून झाली होती,
माझ्या नखांत अजून जांभळा रंग होता.

ओनोरातो पलीकडच्या बेटावर, ओर्ताच्या केबल कचेरीत.
दिवसभर दुसऱ्यांची बोलणी तारेत घालायची:
लंडनला कापसाचा भाव, बोस्टनला कुणाचं तरी मरण.
शनिवारच्या होडीने घरी यायचा नि म्हणायचा,
तार म्हणजे दाव्याला बांधलेली गाय, देओलिंदा.
जेवढं दावं तेवढंच चरणं.

मग घरातल्या वस्तू जाऊ लागल्या.
आधी माझ्या आईचा चांदीचा चमचा.
कानशीने घासून त्याची पूड केली,
काचेच्या नळीत चिमूटभर भरली.
मग आमच्या पलंगाचे पितळी गोळे.
त्यांच्या मधोमध निळी ठिणगी उडायची
आणि कुत्रा बिन-गोळ्यांच्या पलंगाखाली जाऊन बसायचा.

गावात कुजबुज: याच्या ठिणग्यांनी देवमासे पळाले.
कड्यावरचा टेहळ्या झेफेरिनो माझ्याशी बोलेना.
पाद्री म्हणाले, हवेत काय सोडतोस ते मला दाखव.
हा म्हणाला, दिसत असतं तर दाखवलं असतं.
पाद्री जरा गप्प झाले.
त्यांचाही धंदा तोच.

त्या दिवशी मी इकडे, नळीपाशी.
पतंगाला तांब्याची तार, पतंग ढगात.
घंटी वाजली की नळीला पेन्सिलीने टिचकी मारायची,
पूड सुटी होते, पुढच्यासाठी.
एवढंच शिकवलं होतं. मला अक्षर येत नाही.
दोन तास काही नाही.
मी घेवडा सोलत बसले.

घंटी.
टिचकी.
घंटी.
मधे सगळा समुद्र, त्यात ना दोर ना होडी.

संध्याकाळी धक्क्यावर उतरता उतरता त्याने विचारलं, काय ऐकलंस?
म्हटलं, कुणीतरी दार वाजवत होतं.
उठून पाहिलं, तर तिथे दारच नव्हतं.
तो भर धक्क्यात रडला. हे छापू नका.

पेटंटचे पैसे जमेतो लिस्बनहून पत्र आलं,
असलं यंत्र आधीच कुणाच्या तरी नावावर आहे.
घडी करून त्याने ते टेबलाच्या तोकड्या पायाखाली घातलं.
अजून तिथेच आहे. टेबल हलत नाही.

तो गेला कचेरीच्या खुर्चीतच,
कुणा परक्याच्या वाक्याच्या अर्ध्यावर.

आता खानावळीत गाणारी पेटी आहे.
दोन गाण्यांच्या मधे खरखर येते,
तेव्हा माझं बोट आपोआप टेबलावर टिचकी मारतं.
लोक हसतात.

आणि हो, चमचा परत मिळाला नाही.
हे मात्र लिहा.