पाकीट

टपालानं आलेलं मतदानाचं पाकीट
चार दिवस तिच्या टेबलावर पडून आहे,
साखरेच्या डब्याखाली, कडेला कॉफीचा डाग.
मी रोज डबा उचलते, टेबल पुसते,
पाकीट होतं तिथंच ठेवते.

ओर्तेन्सिया पेद्राझ्झी, वय सत्त्याऐंशी,
सगळी हयात या लोकार्नोत गेली.
तिला पक्कं ठाऊक आहे,
किमान वेतन वाढलं की दुकानं बुडतात.
भावाचं फरशांचं दुकान असंच बुडालं म्हणे.
(तो पत्त्यांत हरायचा,
हे तिनंच एकदा तापात सांगितलेलं.)
आणि खालचा खाटीक सांगतो,
पलीकडच्यांना तिकडं सगळं स्वस्तात पडतं,
त्यांना कशाला जास्त?

पलीकडची म्हणजे मी.
"तुला नाही गं म्हणत," ती लगेच सावरते,
"तू वेगळी."
सोळा वर्षं मी वेगळी आहे.
पहाटे पाचच्या बसमध्ये
आम्ही चाळीसजणी वेगळ्या,
सीमेच्या नाक्यावर
एकमेकींच्या खांद्यावर पेंगत असतो.

आज तिची नखं कापत होते.
"अजून किती हवंय तुम्हाला?
तासाला एक्केचाळीस फ्रँक मोजते मी."
कात्री थांबली.
"एक्केचाळीस एजन्सीला. मला सतरा."
"सतरा?"
"सतरा."

तीस वर्षं हॉटेलचे हिशेब लिहिलेली बाई.
पेपरच्या कडेवर पेन्सिलीनं वजाबाकी मांडली,
ओठ हलले,
पुन्हा मांडली.
"मग मधले चोवीस?"
मी काही बोलले नाही.
तसराळ्यातलं पाणी गार होत होतं,
तिचा एक पाय अजून त्यातच.

"चष्मा दे. आणि तू जरा गॅलरीत जा."

गॅलरीत तिचे मोजे वाळत होते.
मी एकेक काढला, जोड्या लावल्या,
वाळले नव्हते तेही काढले.
खाली तळ्यावर शेवटची बोट धक्क्याला लागत होती.

आत आले तर पाकीट चिकटवलेलं,
तिरकं, घाईघाईत.
हातात घेतलं.
होकाराचं काय, नकाराचं काय,
कागदाला वजन तेवढंच.

कोट चढवताना तिनं दारापर्यंत येऊन
बाही धरली, हळूच म्हणाली,
"खाटकाला यातलं काही बोलू नकोस."
यातलं म्हणजे कशातलं,
मी विचारलं नाही.
बस चुकली असती.