दुगणशेठची वही

नाव डुगन. इतवारीने त्याचं दुगणशेठ केलं,
आणि नावाला न जागता
त्याने कधी दुप्पट घेतलं नाही.
शिसं, आरसे, काचेची बटणं विकायचा,
कोष्ट्यांकडून पागोटी घ्यायचा,
मोजताना ओठांत पुटपुटायचा
इंग्रजी नसलेली कुठलीशी बोली.

कुणी इंग्रज म्हटलं की तराजू खाली ठेवी.
"मी त्यांच्या शेजारचा.
बांध कोरत कोरत ते ज्याच्या चुलीपर्यंत आले,
तो शेजारी."

वही आमच्या डोमाजी मुनीमाने लिहिली, मोडीत.
मला मोडी येत नाही.
उमरेडच्या शेंडे गुरुजींनी वाचून दिली,
पानामागे दहा रुपये घेऊन.

कार्तिक वद्य तृतीया, शके सतराशे एकोणचाळीस.
बर्डीच्या टेकडीवर पलटण चढलेली.
शेठने दुकानातलं सगळं शिसं तोललं,
सव्वातीन मण,
गोळ्या ओतायला अरबांच्या गोटात धाडलं.
दराचा रकाना रिकामा.
खाली एकच ओळ :
बंदूक एक, रुपये बावीस, नावे खुद्द शेठ.

"तुमाले काय गरज होती जी?"
डोमाजीने विचारलं असेल.
वहीत तसलं काही नसतं.

घरात मात्र सांगत आले :
बटणवाल्याला बंदूक खांद्यावर घेताना पाहून
अरब जमादार पोट धरून हसला.
मग स्वतःच त्याचा पट्टा आवळून दिला.
सकाळी दारूचा गाडा उडाला
तेव्हा तो पायथ्याशी होता म्हणतात.
आजी म्हणायची, छे, नाग नदी उतरून गेला,
बैतुलात म्हातारा होऊन मेला.
आजीला कुणी मेलेलं आवडायचं नाही.

टेकडी पडली नाही. राज्य पडलं.
दुकान डोमाजीकडे राहिलं,
आणि दर दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर,
हळदकुंकवाच्या बोटांखाली,
मागील बाकी : रुपये बावीस.
आबांच्या किराणा दुकानापर्यंत ती ओढली गेली.
लाल वही, बॉलपेन, तरी बावीस.

किल्ला वर्षातून मोजके दिवस उघडतो.
पंधरा ऑगस्टला मुलीला घेऊन गेलो.
खाली मेट्रो वळत होती,
जवान सांगत होता, रांग मोडू नका.

"पण बाबा," ती म्हणाली,
"हे त्याचं आपल्याला देणं, की आपलं त्याला?"

रांग पुढे सरकली.
मी तिच्या चपलेचा बंद लावत बसलो.