चार वाजताचं टिंब

शिवडी. पहाटेचे चार.
पोशा नाखवाची काख पुसून
काच ठेवते, हात छातीशी दाबून धरते.
एकशे तीन पॉइंट चार.

"गोधडी दे गो बाय, मी दर्यान हाय."
पातळ चादर देते फक्त.
गोळी. कोमट पाण्याच्या घड्या मानेला, काखेत, जांघेत.
गार पाणी नको, मेट्रन सांगायच्या,
अंग दचकतं, आणखी पेटतं.

तरी बोटांच्या मागच्या बाजूनं
कपाळ बघतेच.
त्याला चार्टवर रकाना नाही.

सहा वाजता शंभर. उशी चिंब.
"ओहोटी लागली?" तो विचारतो.
मी टिंबाला टिंब जोडते,
रेघ खाली येते.

मग हात धुते.
बोटांच्या मागे
अजून ऊन लागतंय काहीतरी.