पायाशी ळ

भंगाळे सर वही घेऊन आले तेव्हा
सावद्याच्या स्टँडमागे, दुकानासमोर, केळीची गाडी भरत होती.
घडांखाली पाला, घडांवर पाला.
सर म्हणाले, एकशे बारा पानं आहेत,
सूत्रं जास्त, शब्द कमी. जमेल का गं?
जमेल, म्हटलं.
जमत नव्हतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शिकले.

या सॉफ्टवेअरची रीत वेगळी.
चिन्ह काढायचं नसतं, त्याला हाक मारायची.
उलटा तिरपा दांडा, मग नाव.
थीटा म्हणा, थीटा येतो.
लॅम्डा, सिग्मा, ते आडवं झोपलेलं आठ,
सगळे ओ देतात.
दांडा विसरलात तर नुसतं नावच उमटतं, तिरक्या अक्षरांत:
हजेरीत नाव आहे, पोरगं शेतात.

पुस्तक ठिबकच्या पाण्याचं.
पाण्याला डब्ल्यू, आणि कोणत्या पिकाचं ते
डब्ल्यूच्या पायाशी, बारीक.
कापसाला सी. मक्याला एम.
केळीला बी लावू का सर?
सर चिडले. केळीला कधी बी असते का?
ळ लाव.
केळीत खरं अक्षर तेवढंच आहे.

आता गणित इथे दोन डॉलरच्या मध्ये लिहायचं.
डॉलरच्या बाहेर ळ छान उमटतो,
दोन्ही पोटं गोल, शेपूट जागेवर.
आत गेला की चौकोन.
रिकामा, चार रेघांचा,
भाडेकरू सोडून गेल्यावर दिसते तशी खोली.
दोनशे सहा ठिकाणी.

मला सहावीचा वर्ग आठवला.
केयी नाही, केळी. जीभ वर टेकव. वर.
शंभर वेळा लिहून आण.
मी लिहून आणला शंभर वेळा, सुरेख,
आणि नाव विचारलं तर म्हणाले, कोकिया.
वर्ग हसला. सरही थोडे हसले होते.
त्यांना पाठमोरं सगळी पोरं भंगाये सर म्हणायची,
ते त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.
आता दुकानाच्या पाटीवर कोकिळा डीटीपी आहे.
पाटी बोलत नाही, म्हणून बरं.

सरांनी चष्मा काढून पुसला.
चौकोन गेला नाही.
दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले,
स्टुलावर बसून चहा गार करत राहिले.
मग एकदम हळू आवाजात म्हणाले,
राहू दे कोकिळा. य टाक. चालेल.

य टाकला तरी चौकोनच येईल सर, मी म्हटलं.
त्याला फरक कळत नाही.

सर माझ्याकडे बघत राहिले.
बाहेर हमालाने गाडीची साखळी ओढली.

शेवटी सापडलं. साधंच होतं.
डॉलरच्या आत एक आडोसा करायचा:
उलटा दांडा, टेक्स्ट, महिरपी कंस उघडा,
ळ ठेवा, कंस मिटवा.
पायाशी बसला तो, लहान होऊन, पण पुरा.
दोनशे सहा वेळा एवढं कोण लिहिणार?
इथे आपल्या हाकेला आपलं नाव देता येतं.
मी दिलं.

संध्याकाळी सर पडद्यासमोर वाकले.
उजवीकडे पान: डब्ल्यू, पायाशी ळ,
ओळीनं, जणू लावणीच केली आहे.
डावीकडे माझं लिहिलेलं.
के, ई, वाय, आय.
बोट ठेवून त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

हे छापून येईल?
नाही सर. हे फक्त आतलं. हाक आहे ती.

सर काही बोलले नाहीत.
ओठ मात्र हलले, आवाज न करता, एकदा,
आणि जीभ वर टेकली नसावी.
मग वही उघडत म्हणाले,
चौसष्टव्या पानावर वर्गमुळाचं छप्पर
शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलेलं नाही.
तेवढं ओढून घे.